रोगाचे कारण कसे शोधतात?
ऊसपट्ट्यातील मूत्रपिंडाच्या आजाराची हकीकत



गावात चार माणसांना एकच आजार झाला की त्याचे कारण दुसऱ्या दिवशी पारावर ठरून मोकळे होते. कोणी म्हणतो, "औषधफवारणीनं झालं." कोणी म्हणतो, "विहिरीचं पाणीच खराब." कोणी रासायनिक खतावर घसरतो, कोणी नशिबावर. प्रत्येकाजवळ एखादे उदाहरण असतेच, आणि ते खोटेही नसते. पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे.

मग पुरावा म्हणजे काय, आणि डॉक्टर मंडळी तो गोळा कशी करतात? हे समजावून सांगण्यासाठी आपल्याच पिकाची, पण फार दूरच्या मुलखातली एक खरी हकीकत घेऊ. मेक्सिकोच्या खाली, मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा असे दोन लहान देश आहेत. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याला तिथे मैलोन्‌मैल ऊस. तोडणीचा हंगामही आपल्यासारखाच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत हजारो मजूर मूत्रपिंड निकामी होऊन दगावले. त्यांत ऐन तिशी-चाळिशीतले कर्ते पुरुष पुष्कळ. ना मधुमेह, ना रक्तदाब. हे कशामुळे, याचा शोध कसा लागत गेला, ते आता पायरीपायरीने पाहू.

माणसांचे प्लॉट पाडता येत नाहीत

आपले शेती खाते नवीन खताचा प्रयोग कसा करते, ते सर्वांना ठाऊक आहे. एकाच रानात शेजारी शेजारी प्लॉट पाडायचे. बेणे तेच, लागणीची तारीख तीच, पाण्याच्या पाळ्या त्याच. एका प्लॉटला खत द्यायचे, दुसऱ्याला नाही. तोडणीला दोन्हींचे वजन करायचे. फरक पडला तर तो खताचा, हे डोळे झाकून मान्य.

आजाराच्या कारणाबाबत असे करता येईल काय? "शंभर माणसं पाच वर्षं उन्हात राबवू, शंभर सावलीत ठेवू, आणि कोणाच्या किडन्या जातात ते बघू," असे म्हणणाऱ्याला लोक चौकात फटके देतील, आणि ते योग्यच होईल. म्हणून शास्त्रज्ञ दुसरा मार्ग धरतात. जगात काही माणसे आपोआपच उन्हात राबतात, काही सावलीत बसतात. काही तंबाखू खातात, काही खात नाहीत. अभ्यासक स्वतः काहीच देत नाही किंवा काढून घेत नाही. तो फक्त नीट पाहतो, मोजतो आणि तुलना करतो. याला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात.

यात मोठी अडचण एकच. निसर्गाने आणि समाजाने पाडलेले हे प्लॉट सारखे नसतात. समजा, कोणी हिशेब मांडला की ठिबक घेतलेल्या सभासदांचे एकरी टनेज जास्त आहे. ते ठिबकमुळेच, असे लगेच म्हणता येईल काय? ठिबक घेणाऱ्याची जमीन बहुधा चांगली असते, हाताशी भांडवल असते, तो खत वेळेवर टाकतो. टनेज यांपैकी कशाचे? ठिबकचा वाटा असेलही, पण बाकीच्या गोष्टी त्यात मिसळून बसल्या आहेत. आडसाली उसाची खोडव्याशी तुलना करून बेणे भारी ठरवणाऱ्याला आपण हसतो ना? रोगाच्या बाबतीत मात्र हीच चूक शहाणीसुरती माणसेही करतात. ही मिसळ सोडवणे, हेच या शास्त्राचे खरे काम.

पहिली पायरी : रुग्णांची नोंद

एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर. तिथल्या रोसालेस या मोठ्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी २००२ साली एक अहवाल छापला. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या सुमारे २०० नव्या रुग्णांची त्यांनी चौकशी केली. त्यांपैकी दोन तृतीयांश रुग्णांत मधुमेह किंवा रक्तदाब यांसारखे नेहमीचे कारण सापडेना. हे रुग्ण बहुतेक पुरुष, शेतात राबणारे आणि किनारपट्टीत राहणारे होते. बऱ्याच जणांचा कीटकनाशकांशी संबंध आलेला होता.

झाले! कीटकनाशकावर संशय गेला. संशय रास्तच होता. पण बघा, त्या भागात शेतात राबणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी औषध हाताळतोच. आजारी नसलेल्यांत किती जणांनी फवारणी केली होती, ते ठाऊक नसताना आजाऱ्यांचा आकडा घेऊन काय करायचे? शंभर आजाऱ्यांपैकी सत्तर जणांनी फवारणी केली आणि शंभर धडधाकटांपैकीही सत्तर जणांनीच केली, तर फवारणीने काहीच सिद्ध होत नाही. रुग्णांची नुसती नोंद प्रश्न उभा करते. उत्तर देत नाही. पण प्रश्न उभा राहिला, हेही काम थोडे नव्हे.

दुसरी पायरी : एकवेळची पाहणी

आता दवाखान्यात बसून चालणार नव्हते. गावात जायला हवे होते. एखाद्या ठरावीक काळात गावातल्या सर्वांची, आजारी असो वा धडधाकट, तपासणी करायची, म्हणजे एकवेळची पाहणी. आपल्या जनगणनेसारखीच.

तपासायचे काय? मूत्रपिंड ही शरीराची गाळणी आहे. कारखान्यात रसातला गाळ काढायला फिल्टर असतो, तसे हे रक्तातले. स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ तयार होतो. गाळणी मंदावली की तो रक्तात साठतो. रक्ताचा थोडा नमुना घेतला की गाळणी किती चालते आहे, याचा अंदाज बांधता येतो.

निकाराग्वात अभ्यासकांनी पाच प्रकारची गावे निवडली : खाणकामाचे, ऊस-केळीचे, मासेमारीचे, कॉफीचे आणि नोकरी-व्यवसायाचे. ही पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ऊस-केळीच्या गावात आजार जास्त निघाला, हे अपेक्षितच होते. पण खाणकामाच्या गावातही तो तितकाच जास्त निघाला. कॉफीच्या आणि नोकरीपेशाच्या गावांत कमी. आता खाणीत उसावरची फवारणी कुठून येणार?

दोन वर्षांनी, २०१२ साली, एल साल्वादोरमधील पाच गावांची पाहणी प्रसिद्ध झाली. हिची रचना अधिकच विचार करून केलेली. समुद्रकाठच्या सखल भागातील गावे घेतली आणि समुद्रसपाटीपासून ५०० मीटर व त्याहून उंचावरील गावेही घेतली. विशेष म्हणजे ऊस खालीही होता आणि ५०० मीटरवरही होता. पीक तेच, काम तेच. फरक मुख्यतः हवेचा. खाली उष्मा, वर गारवा. निष्कर्ष असा : किनाऱ्यावरील पुरुषांत दर १०० मागे १८ जणांची मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटलेली, आणि उंचावरील गावांत दर १०० मागे फक्त एकाची. उंचावरच्या ऊसमजुरांत आजार वाढलेला दिसला नाही.

कोणालाही ऊन न देता, कोणाचीही सावली न काढता, केवळ गावांची निवड विचारपूर्वक केल्याने उसाचा परिणाम आणि उष्म्याचा परिणाम वेगळा पाडता आला. संशयाचा काटा औषधाकडून उन्हातल्या कष्टाकडे झुकला. झुकला म्हणतो, ठरला म्हणत नाही. कारण सखल भागात पाणी वेगळे, डास वेगळे, जुन्या काळची कापसाची शेती आणि तिच्यावरची औषधेही वेगळी.

एकवेळच्या पाहणीची दुसरी मर्यादा म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हे तिच्यातून कळत नाही. याचे आपल्या घरचेच उदाहरण आहे. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक! आकडा अंगावर काटा आणणारा आहे. परंतु का काढली? कामाच्या खाड्याच्या दंडाच्या भीतीने, अंगमेहनतीच्या त्रासाने, की डॉक्टरच्या भलत्या सल्ल्याने? हे एका वेळच्या मोजणीतून उलगडत नाही. त्यासाठी प्रत्येकीची हकीकत तारीखवार लागते.

जे फडात नाहीत, त्यांचे काय?

आता एक गोम सांगतो, ती नीट ध्यानात घ्या. निकाराग्वातल्या मोठ्या ऊसमळ्यांवर हंगामाच्या आरंभी मजुरांचे रक्त तपासतात, आणि क्रिएटिनिन वाढलेले दिसले तर त्या माणसाला कामावर घेत नाहीत. अशा फडात जाऊन कोणी पाहणी केली तर त्याला काय आढळेल? सगळे धडधाकट! "बघा, ऊसतोडणीनं काहीच होत नाही," असा अहवालही तो लिहून मोकळा होईल. आजारी माणूस घरी खाटेवर पडला आहे, किंवा त्याची बायको विधवा झाली आहे. त्याची गणती करायला कोणी गेलेच नाही.

साखरेचा उतारा काढताना चांगल्या चांगल्या गाड्यांचाच नमुना घेतला, तर हिशेब खोटा येतो. तसेच हे. म्हणून कोणतीही पाहणी वाचताना पहिला सवाल हाच : मोजणीतून गळाले कोण?

तिसरी पायरी : रुग्ण आणि त्यांचे जोडीदार

जो आजार विरळा असतो, त्यासाठी गावेच्या गावे तपासूनही चार-दोनच रुग्ण सापडतात. तिथे उलटी वाट धरतात. आजारी माणसे आधी गोळा करायची. मग त्याच वयाची, त्याच लिंगाची, पण तो आजार नसलेली तितकीच माणसे घ्यायची. आणि दोघांनाही मागच्या आयुष्याबद्दल तेच ते प्रश्न विचारायचे.

याचे गाजलेले उदाहरण विलायतेतले. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५० साली लंडनमधील २० रुग्णालयांतून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाचा कर्करोग तेव्हा झपाट्याने वाढत होता. संशय होता मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यावरच्या डांबरावर. त्यांनी कर्करोगाचे ६४९ पुरुष घेतले आणि इतर आजारांचे ६४९. कर्करोगाच्या पुरुषांत धूम्रपान न करणारे निघाले अवघे २. दुसऱ्या बाजूला २७. त्या काळी इंग्लंडात जवळजवळ सगळेच पुरुष ओढत असत. नुसत्या रुग्णांकडे पाहून "सगळेच ओढतात, यांनीही ओढली" असेच कोणी म्हटले असते. जोडीला दुसरा गट ठेवला म्हणून फरक उघडा पडला.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे आठवण. आजारी माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या "मला हे का झालं?" याचाच विचार करीत असतो, त्याला वीस वर्षांपूर्वीची फवारणीही आठवते. धडधाकट माणूस म्हणतो, "कोण लक्षात ठेवतो!" डॉल आणि हिल यांनी याचीही खातरजमा केली. काही जणांना आधी कर्करोग समजले गेले होते, पण पुढे तो नाही असे निष्पन्न झाले. त्यांच्या सवयी कर्करोग नसलेल्यांशीच जुळल्या. म्हणजे फरक केवळ आठवणीचा किंवा विचारणाऱ्याच्या कलाचा नव्हता.

चौथी पायरी : गट धरून पाठपुरावा

सगळ्यांत भरवशाची, पण सगळ्यांत चिकाटीची पद्धत ही. आज धडधाकट असलेल्या माणसांची यादी करायची, कोण काय करतो ते आजच लिहून ठेवायचे, आणि मग वर्षानुवर्षे मागोवा घ्यायचा. आधी काय आणि नंतर काय, हा घोळ इथे राहत नाही.

त्याच दोघांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली. ४०,००० हून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांतील पुरुष डॉक्टरांचा मागोवा २००१ सालापर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे चालला. हिल १९९१ साली वारले. डॉल यांनी काम चालूच ठेवले आणि २००४ साली अखेरचा हिशेब मांडला : सिगारेट कायम ओढत राहणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी १० वर्षे आधी जातो. आडसाली उसाची वाट बघायची म्हणजे आपल्याला युग वाटते. इथे माणसांनी एका प्रश्नाच्या उत्तरासाठी पन्नास वर्षे वाट पाहिली!

निकाराग्वात हीच पद्धत छोट्या काळासाठी वापरली. २०१०-११ च्या हंगामात एकाच कंपनीच्या २८४ कामगारांची तपासणी हंगामाच्या आरंभी केली आणि अखेरीस पुन्हा केली. त्यांत तोडकरी होते, पाणी देणारे होते, औषध मारणारे होते, ड्रायव्हर होते, आणि कारखान्याच्या इमारतीत काम करणारेही होते. मालक एक, वस्ती तीच, पगार देणारा हात एकच. कामे मात्र निरनिराळी. एका हंगामात तोडकऱ्यांच्या मूत्रपिंडाची क्षमता कारखान्यातील कामगारांच्या मानाने जास्त घसरलेली निघाली.

मग ठरले काय?

शास्त्रज्ञांत आजही पूर्ण एकमत नाही. उष्म्यात पाणी व विश्रांतीवाचून केलेले अतिकष्ट हे मुख्य कारण असावे, याकडे बऱ्याच जणांचा कल आहे. कीटकनाशके, जळक्या उसाची राख, जंतुसंसर्ग यांचा हातभार लागतो का, याचा तपास चालू आहे. पण कारणाचा शेवटचा धागा सुटेपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नव्हते. पाणी, सावली आणि विसावा दिल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

एल साल्वादोरमधील एका कारखान्याने २०१४-१५ च्या हंगामात तोडकऱ्यांना पिण्याचे पाणी, हलविता येणारा सावलीचा तंबू, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि सुधारलेला कोयता दिला. दरडोई दररोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. ऐकायला फार गोड! पण आतापर्यंतचे वाचून तुम्हीच विचाराल, "तुलनेला दुसरी टोळी होती का?" नव्हती. कोयताही बदललेला. तेव्हा सगळे श्रेय विश्रांतीला देता येत नाही. इतके मात्र नक्की म्हणता येते, की विश्रांती दिल्याने तोड बुडाली नाही.

निकाराग्वातील एका कारखान्यात २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन हंगामांची तुलना झाली. दुसऱ्या हंगामात विश्रांती व सावली वाढवली. जळका ऊस तोडणाऱ्यांत हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण १०० मागे २७ वरून ७ वर आले. बेण्याचा ऊस तोडणाऱ्यांत मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही. दोन हंगाम कधीच अगदी सारखे नसतात, हे धरूनही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आपण काय घ्यायचे?

तिकडचे सगळे जसेच्या तसे इकडे लावणे बरे नव्हे. तिकडे ऊस बहुधा जाळून तोडतात आणि तोडणारे बहुतेक पुरुष. आपल्याकडे नवरा-बायकोचा कोयता, बहुतेक हिरवा ऊस, वर मोळ्या वाहणे आणि गाडी भरणे. आपला हंगाम थंडीत सुरू होतो. पण फेब्रुवारीनंतर ऊन कसे तापते, ते वेगळे सांगायला नको. आपल्याकडे हा आजार आहे किंवा नाही, हे कोणाच्या तोंडी सांगण्यावर ठरवू नये. मोजावे.

मोजायचे तर ते कसे, याचीही दिशा वरच्या हकीकतीतून मिळते. टोळी आली की सर्वांचे, बायामाणसांसकट, वजन, रक्तदाब व क्रिएटिनिन पाहावे. पट्टा पडायच्या आधी पुन्हा पाहावे. सोबत कारखान्यातील कामगारांचीही तशीच तपासणी करावी, म्हणजे तुलना होईल. जो मजूर अर्ध्या हंगामात गावी परतला त्याचे नाव यादीतून खोडू नये. मुकादमाकडून त्याची खबर घ्यावी. आणि कोणाचे क्रिएटिनिन वाढलेले निघाले तर त्याला हाकलू नये. तसे केले की पुढच्या वर्षी माणसे तपासणीलाच येणार नाहीत, आणि हिशेबही खोटा होईल. त्याला औषधोपचार व हलके काम द्यावे.

तोपर्यंत ज्याच्या फडात टोळी आहे, त्या सभासदाने स्वच्छ पाण्याची सोय जवळ करावी, भर दुपारी काम थांबवू द्यावे, बांधावर झाड नसेल तर ताडपत्रीची सावली करून द्यावी. अंगदुखीच्या गोळ्या रोजच्या रोज घेण्याची सवय मूत्रपिंडाला घातक असते, आणि शरीरातले पाणी कमी झालेले असताना तर अधिकच; हे मजुरांना व घरच्या माणसांनाही सांगावे.

आणि पारावर कोणी "अमक्यामुळं तमका रोग होतो" असे ठासून सांगू लागला, तर त्याच्याशी भांडू नका. चार प्रश्न विचारा. किती माणसांपैकी किती जणांना झाला? ज्यांचा त्या गोष्टीशी संबंध आला नाही, त्यांच्यात किती जणांना झाला? दोन्हीकडची माणसे बाकीच्या बाबतींत सारखी होती का? आणि मोजणीतून कोण सुटले? उत्तर मिळाले तर आपल्या ज्ञानात भर पडेल. नाही मिळाले तर निदान चुकीच्या विहिरीवर गावाचा राग निघायचा टळेल.